कुत्र्याला वळण

आमच्याच कुत्र्यानं चावलेल्या माणसाला इंजेक्शन द्यायची पाळी माझ्यावर पहिल्यांदा आली, तेव्हा मी त्याच्याशी जरा जास्तच कोरडी वागले. गॅसच्या टाक्या पोचवणारा माणूस होता. पोटरीवर दात उमटले होते. मी जखम साबणानं धुऊन घेतली आणि रोजच्या सवयीनं विचारलं, "कुत्रं पाळीव का मोकाट?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "सिस्टर, तुमचंच हाय की."

बाकावर बसलेल्या बायका हसल्या. मी मान खाली घालून सुई भरत राहिले.

मी आरोग्य केंद्रात नर्स आहे. कुत्रं चावलं तर काय करावं, हे गावोगाव सांगत फिरणं माझ्या कामात येतं. हळद लावू नका, चुना लावू नका, जखम धुवा, लगेच या. आता माझ्या त्या सांगण्यावर लोक हसू लागले. पुढच्या महिन्यात आमच्या आशाताई पोलिओचा निरोप द्यायला घरी आल्या, तर कुत्र्यानं त्यांच्या साडीचा काठ ओढून फाडला. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी नवी साडी घेऊन गेले तर म्हणाल्या, "राहू द्या ताई. फक्त कुत्र्याला बांधा." मला वाटलं, त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

आमची वस्ती आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडच्या अंगाला, लोणीच्या पुढं. घरात चौघं. मी, नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सासरे. नवऱ्याचं मंचरला पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान. सासऱ्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. ते कालव्यावर पाटकरी होते, शेताशेतात पाणी सोडायचं काम. रिटायर झाल्यावर त्यांनी घराभोवती शेवगा आणि कढीपत्ता लावला, दोन शेळ्या घेतल्या. मग शेजारच्या वस्तीवरून बिबट्यानं शेळी उचलली. दादा तडक एस.टी.नं आण्याच्या पठारावर गेले, तिथं त्यांच्या ओळखीचा एक धनगर असतो, आणि येताना पिशवीत पिल्लू घेऊन आले. मुलीनं त्याला एक इंग्रजी नाव ठेवलं, पण ते तिच्याशिवाय कुणाच्या तोंडी बसलं नाही. दादा त्याला नुसतं "लेका" म्हणायचे. लेका, चल. लेका, बस. तो बसायचा.

वर्षभरात पिल्लाचं उंच, तांबडं, छातीवर पांढरा पट्टा असलेलं कुत्रं झालं. रानातून साधी चाहूल आली तरी ते उठून उभं राहायचं. तेवढ्यापुरतं ठीक होतं. पण फाटकाशी कुणी आलं, की त्याच्या अंगात काहीतरी शिरायचं. फाटकावर पुढचे पाय टाकून असं भुंकायचं, की माणूस रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहायचा.

सगळ्यांत जास्त भुंकायचं ते शेजारच्या काकांवर. हे काका म्हणजे आमच्या वस्तीतले जुने बागायतदार. आमच्या बांधाला लागून त्यांचा ऊस. दादांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असतील, पण दादांना "अरे" म्हणायचे. माझ्या नवऱ्याला मात्र "भाऊ" आणि मला "सिस्टर, तुमी". दादा एके काळी त्यांना मालक म्हणत. नोकरी लागल्यावर त्यांनी ते सोडलं आणि त्याच्या जागी दुसरं काही धरलं नाही. काहीच हाक न मारता बोलायचे.

काका माणूस वाईट नाही. मुलीला एकदा डेंग्यू झाला होता तेव्हा त्यांनी न मागता गाडी पाठवली होती. संध्याकाळी फिरायला निघाले की आमच्याकडं ब्लड प्रेशर बघून घ्यायला थांबायचे. ओट्यावर बसायचे, गप्पा मारायचे. चहा विचारला की, "आत्ताच घेतला." कधीही आले तरी त्यांनी चहा आत्ताच घेतलेला असायचा. आम्ही बौद्ध, ते जुन्या वतनदारांतले, आणि या गोष्टी कुणी बोलून दाखवत नाही. मी विचारत राहायचे, ते आत्ताच घेतला म्हणत राहायचे.

कुत्रं मोठं झाल्यापासून त्यांचं ते थांबणंही अवघड झालं. फाटकाबाहेरून हाक मारायचे, मी कुत्र्याला गोठ्यात कोंडायचे, मग ते आत. एकदा बाहेरूनच मोठ्यानं म्हणाले, "भाऊ, तुमचं कुत्रं लई माजलंय राव!"

नवरा हसला. मीही हसले. दादा शेळीला पाला टाकत होते. त्यांचे हात थांबलेले मी पाहिले. हा शब्द त्यांनी कुत्र्याच्या आधी माणसांसाठी ऐकलेला होता. चांगले कपडे घातले की माजले. घर बांधलं की माजले. मला ते कळलं आणि तरीही मी काकांना म्हणाले, "हो ना काका. काहीतरी केलं पाहिजे आता."

याच सुमारास आमच्या घरात तो कार्यक्रम सुरू झाला. टीव्हीवर रोज संध्याकाळी लागायचा. कुठल्या तरी परदेशातला एक कुत्री शिकवणारा माणूस लोकांच्या घरी जातो, तिथलं वाया गेलेलं कुत्रं ताब्यात घेतो आणि अर्ध्या तासात सरळ करून दाखवतो. बोलणं सगळं हिंदीत केलेलं. एक बाई कुत्र्याला भिऊन स्वतःच्याच सोफ्यावर बसायची नाही, एका घरातलं कुत्रं पाहुण्यांच्या ताटातलं ओढून न्यायचं. मग हा यायचा. साखळी गळ्यात वर कानाजवळ चढवायची, कुत्र्यानं जोर केला की खटकन झटका. तरी नाही ऐकलं तर आडवं पाडून मान दाबून धरायची, ते ढिलं पडेपर्यंत. मग तो घरच्यांकडं वळून सांगायचा, "मालिक कौन है, यह इसे आज पता चल गया."

नवऱ्याला तो कार्यक्रम म्हणजे औषधच सापडल्यासारखं झालं. दुकान बंद करून वेळेत घरी येऊ लागला. हातात चहा धरून ओरडायचा, "बघ, बघ! मार नाही, ओरडणं नाही. नुसती मान दाबली. एका मिनिटात गप."

मुलगी म्हणायची, "पप्पा, ते गप नाही झालं, घाबरलंय. शेपटी बघा कुठं गेलीय. तोंड कसं चाटतंय बघा."

"टीव्हीवाले येडे आहेत का? जगभर बघतात लोक."

"जगभर भांडतात पण त्यावरून." ती मोबाईल पुढं करायची. त्यात दुसरीच एक बाई, कंबरेला कापडी पिशवी, पिशवीत उकडलेल्या कोंबडीचे तुकडे. कुत्रं शांत बसलं की तुकडा. पाहुण्याकडं बघून भुंकलं नाही की तुकडा. "जे केल्यावर खायला मिळतं, ते कुत्रं पुन्हा करतं. एवढंच आहे सगळं."

"म्हणजे लाच," नवरा म्हणायचा. "उद्या तुकडा नसला खिशात, तर?"

केंद्रात मी विषय काढला तर तिथंही दोन तट. आमचे औषधवाले म्हणाले, जनावर आणि पोर, दोन्हीला धाक पाहिजे. आशाताई म्हणाल्या, त्यांच्या भावानं एका कुत्र्याला धाक घातला होता, ते त्याच्यासमोर गरीब झालं आणि त्याच्या पोराला चावलं. मला दोन्ही पटायचं. खरं सांगायचं तर कुत्र्याचं काय होतं याच्याशी मला फारसं घेणंदेणंच नव्हतं. लोकांनी हसू नये, एवढंच हवं होतं.

दादा मात्र कार्यक्रमाचं संगीत वाजलं की उठायचे. आधी वाटलं शेळ्यांकडं जात असतील. एकदा नवऱ्यानं हाताला धरून बसवलं, "दादा, बघा तर खरं, कसला भारी माणूस आहे." टीव्हीवर एक काळं कुत्रं जमिनीला चिकटलं होतं आणि तो माणूस त्याच्या मानेवर हात ठेवून बोलत होता. दादांनी थोडा वेळ बघितलं.

"मला न्हाई बघवत," ते म्हणाले. "तुमी बघा." आणि हात सोडवून बाहेर गेले.

नवरा माझ्याकडं बघून म्हणाला, "म्हातारपण. हळवे झालेत."

ज्या रविवारी पुढचं सगळं घडलं, त्याआधी नवऱ्यानं मंचरहून टीव्हीतल्यासारखी बारीक कड्यांची साखळी आणली होती. काका फाटकाबाहेर आले तेव्हा त्यांना ती दाखवत म्हणाला, "काका, रविवारी सकाळी या. पाहुणा म्हणून तुम्हीच पाहिजे. तुमच्यावर भुंकायचं थांबलं, की कुणावर भुंकणार नाही."

"येतो की. बघू तर तुमची टीव्हीची विद्या."

मुलगी दोन दिवस बापाशी भांडली. तिला मी म्हणाले, "एकदा करून बघू दे. तुझ्या कोंबडीच्या तुकड्यांनी तरी कुठं काय झालं?" तिनं चारच दिवस ते केलं होतं, मग परीक्षा आली. ती त्या रविवारी सकाळीच मैत्रिणीकडं निघून गेली. दादा शेळ्या घेऊन ओढ्याकडं गेले होते.

काका आले ते एकटे नाहीत. बरोबर पुतण्या, त्यांच्या उसातली दोन माणसं, आणि वाटेत भेटलेले आणखी कुणी. तारेच्या कुंपणाला लोक टेकून उभे राहिले. पुतण्यानं मोबाईल वर धरला. मी आत चहाचं आधण टाकलं होतं. माणसं आली म्हणजे चहा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कपबशा मी लग्नातल्या काढल्या होत्या, हेही आठवतंय.

मी ट्रे घेऊन ओट्यावर आले तेव्हा नवऱ्यानं कुत्र्याला साखळी घालून अंगणाच्या मधे आणलं होतं. काकांनी फाटक ढकललं. कुत्रं उसळलं. नवऱ्यानं झटका दिला. कुत्र्याच्या घशातून वेगळाच आवाज आला, खोकल्यासारखा. ते पुन्हा उसळलं, पुन्हा झटका. तिसऱ्यांदा ते वळून साखळीलाच चावू लागलं, तेव्हा नवऱ्यानं त्याला टांगेनं आडवं पाडलं आणि मानेवर गुडघा टेकवला.

"बघा," तो धापा टाकत म्हणाला. "आता सोडायचं नाही. ढिलं पडेपर्यंत सोडायचं नाही."

कुत्रं पाय झाडत होतं. डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं. मग पाय झाडायचं थांबलं. त्याच्या खालून मुताचा ओघळ निघाला आणि फरशीवरून माझ्या पायऱ्यांकडं येऊ लागला.

कुंपणावरचे लोक हसले. कुणीतरी शिट्टी मारली. काका एक पाऊल पुढं आले आणि कुत्र्याकडं वाकून म्हणाले, "हां! आता कसा आला वळणावर."

मी हसले. हसण्यासारखं काही वाटलं म्हणून नाही. हातात ट्रे होता, पाहुणे हसत होते, आणि अशा वेळी माझं तोंड आपोआप तसं होतं. त्यांच्यासमोर ट्रे धरून मी म्हणाले, "घ्या काका, चहा घ्या." ते म्हणाले, "आत्ताच घेतला."

तेवढ्यात दादा मागच्या वाटेनं शेळ्या घेऊन आले. शेळ्यांची दोरी त्यांच्या हातातून कधी सुटली त्यांना कळलं नाही. ते कुणावर ओरडले नाहीत. सरळ येऊन त्या ओल्या फरशीवर धोतरासकट खाली बसले आणि मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ऊठ," ते म्हणाले.

"दादा, आत्ता सोडलं तर सगळं वाया—"

"ऊठ म्हणतो ना. मान खाली घातली म्हंजी शिकला, हे कुणी सांगितलं तुला?"

नवरा उठला. दादांनी साखळी काढायला बोटं घातली. कडी मानेच्या केसात रुतली होती. "लेका," ते म्हणत होते, "झालं, झालं, लेका." आणि साखळी सुटता सुटता कुत्र्यानं डोकं फिरवलं आणि दादांचा हात धरला. नीट चावलं. अंगठ्याच्या मागच्या मांसात दात शिरले. मग हात सोडून ते शेपूट पोटाखाली घालून गोठ्याच्या मागं पळालं.

काका म्हणाले, "बघितलं? तरी मी सांगत व्हतो." लोक पांगले. चहा तसाच राहिला.

नळाखाली दादांचा हात धरून मी कितीतरी वेळ पाणी सोडत होते, साबण लावत होते. नवरा बाजूला उभा राहून, "मी काय मुद्दाम केलं का, मी काय मुद्दाम केलं का," एवढंच म्हणत होता. दादांना स्कूटीवर मागं बसवून मी केंद्रात नेलं. रविवार, त्यामुळं गर्दी नव्हती. दंडात एक, आणि जखमेच्या कडेकडेनं टोचायचं दुसरं औषध. ते फार दुखतं. मोठमोठे गडी ओरडतात. दादा भिंतीकडं बघत बसले होते.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"त्याचा राग धरू नका," ते म्हणाले. "त्याची चूक न्हाई. मीच शिकवला त्याला."

मला वाटलं ते लाडाबद्दल बोलतायत. मी म्हणाले, "लाडावला होता जरा."

"तसं न्हाई. ते आले ना फाटकावर, आन् ह्यो भुंकला, की ते माघारी सरायचे. रस्त्याच्या कडंला जाऊन हुभं राहायचे, वाट बघत. मला लई बरं वाटायचं. मग मी त्याला भाकरीचा तुकडा द्यायचो. गोठ्याच्या मागं नेऊन. शाबास लेका म्हणायचो. रोज दिलाय. ल्हान व्हता तवापासून."

मी सुई ट्रेमध्ये ठेवली. मुलीनं मोबाईलवर दाखवलेलं सगळं माझ्या डोक्यात उभं राहिलं. आमचं कुत्रं वाया गेलेलं नव्हतंच. ते घरातलं सगळ्यांत नीट शिकवलेलं जनावर होतं. फाटकाशी माणूस आला की त्याला मागं सारायचं, हे त्याला भाकरी देऊन शिकवलं होतं, आणि गॅसवाला, आशाताई, सगळे त्यात आले होते.

"का पण, दादा?"

मग त्यांनी सांगितलं. ते लहान असताना त्यांचे वडील सुगीच्या वेळी काकांच्या वडिलांच्या खळ्यावर जायचे, वर्षभराच्या कामाचं धान्य मागायला. बरोबर दादा. खळ्यावर एक कुत्रं साखळीला असायचं. ही दोघं दिसली की मालक साखळी थोडी ढिली सोडायचे. कुत्रं अंगावर यायचं, हातभर अंतरावर साखळी ताठ व्हायची. "बरोबर माणूस ओळखतो बघा," असं मालक म्हणायचे आणि खळ्यावरची माणसं हसायची. दादांचे वडील हात जोडून, मान खाली घालून उभे असायचे. ते पण हसायचे.

"माझा बा पण हसायचा," दादा म्हणाले. "ते मला अजून जात न्हाई."

मी त्यांच्या हाताला पट्टी बांधत होते. आज सकाळी मी कशी हसले ते त्यांनी पाहिलं होतं का, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. शेळ्या घेऊन ते कोपऱ्यावरून वळले तेव्हा मी ट्रे धरून त्यांच्याकडं तोंड करूनच उभी होते.

घरी आलो तर काकांच्या पुतण्यानं घेतलेला व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर येऊन पडला होता. मुलगी तो बघून खोलीत रडत होती. खाली लोकांनी लिहिलं होतं. कुणी म्हणत होतं, असंच पाहिजे, जनावर डोक्यावर बसवायचं नसतं. कुणी, मुक्या जीवाला छळणाऱ्याला तुरुंगात टाका. कुणी हसण्याची चित्रं. एकानं विचारलं होतं, ही ट्रेवाली आपली सिस्टर ना? मी तो व्हिडिओ पाहिला. त्यात कुत्र्याच्या मागं, जरा अस्पष्ट, मी होते. दात दिसत होते.

केंद्रात पुढचा महिनाभर लोक माझ्याशी व्हिडिओबद्दल बोलायचे. बाजू घेऊन बोलायचे, काही नवऱ्याची, काही कुत्र्याची. माझी कुणी घेतली नाही आणि माझ्यावर कुणी रागावलंही नाही. चहा घेऊन उभ्या असलेल्या बाईकडं कोण बघतं? मी तरी टीव्हीवर तो कार्यक्रम इतके दिवस बघत होते, तर त्यात प्रत्येक घरात मागं हाताची घडी घालून हसणारी बायको असते, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

काका यायचे बंद झाले. राग म्हणून नव्हे, त्यांनाही अवघडल्यासारखं झालं असावं. एक दिवस मी ब्लड प्रेशरचं मशीन घेऊन त्यांच्याकडं निघाले तर दादा म्हणाले, "थांब, मी पण येतो." हाताची पट्टी निघाली होती, अंगठा अजून नीट वळत नव्हता.

काका अंगणात खुर्चीवर होते. त्यांनी दादांनाही खुर्ची मागवली. मी दंडाला पट्टा गुंडाळत असताना दादा म्हणाले, "तुमच्यावर भुंकायला त्याला मी शिकवलं व्हतं. भाकरी देऊन. ते सांगायला आलोय."

काकांनी हसायला तोंड उघडलं आणि दादांचा चेहरा बघून मिटलं. "का रं?"

दादांनी खळ्यावरचं सांगितलं. मला सांगितलं त्याहून थोडक्यात, कुणाला दोष न देता, पाणी कुठल्या पाटानं गेलं हे सांगावं तसं. काका त्या वेळी तीन-चार वर्षांचे असणार. मशीनचा आकडा मी दोनदा बघितला आणि दोन्हीदा डोक्यात राहिला नाही.

"मला काय आठवत न्हाई," काका म्हणाले. त्यांनी दंडावरचा पट्टा स्वतःच सोडवला. मग म्हणाले, "काळं व्हतं ते. कान तुटका. लई वाईट कुत्रं."

"कुत्रं वाईट नव्हतं," दादा म्हणाले.

काकांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला सांगता येणार नाही. त्यांनी माफी मागितली नाही आणि दादा ती मागायला आलेही नव्हते. उठताना दादा म्हणाले, "त्याला उलटं शिकवायचं असंल तर तुमच्याच हातानं तुकडा द्यावा लागंल. याल का?"

काका दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशी आले, खिशात भाकरी घालून. फाटकाबाहेर थांबून त्यांनी लांबूनच तुकडा टाकला. मुलगी आत उभी राहून त्यांना सांगत होती, डोळ्यांत बघू नका, अंगावर वाकू नका. सत्तरीचा माणूस तिचं ऐकून आडवं तोंड करून उभा राहिला. तो उसाकडं बघत होता आणि कुत्रं भाकरीकडं बघत होतं. असं पुष्कळ दिवस चाललं. आता कुत्रं त्यांच्यावर भुंकत नाही. बाकीच्यांवर भुंकतं, पण थोडं, आणि कुणाला चावलेलं नाही.

नवऱ्याची गोष्ट मात्र तशी मिटली नाही. त्यानं कार्यक्रम बघायचं सोडलं, साखळी कुठं टाकली मला माहीत नाही. पण संध्याकाळी त्याच्या मोटारसायकलचा आवाज आला की कुत्रं फाटकाशी येतं, जमिनीला पोट लावतं, शेपूट पायांत घेतं आणि मुततं. रोज. मारलं तर नाहीच, त्या रविवारनंतर त्यानं आवाजही चढवलेला नाही. तरी रोज. एकदा तो मला म्हणाला, "अगं, मी काय राक्षस आहे का?" मी नाही म्हणाले. त्या दिवशी त्याच्या गुडघ्याला थांबवायला मी एक शब्द काढला नव्हता, त्यामुळं याहून जास्त काही सांगायचा मला हक्क वाटला नाही.

आता तो डांबरी रस्त्यावरच गाडी बंद करतो आणि तिथून घरापर्यंत ढकलत आणतो. लोक विचारतात, भाऊ, पेट्रोल संपलं का? तो हो म्हणतो. मुलीनं सांगितल्याप्रमाणे हात-पाय धुऊन ओट्याच्या पायरीवर बसतो, कुत्र्याकडं पाठ करून, मागं हात पसरून, हातावर भाकरी. काही दिवशी कुत्रं पुढं येऊन ती उचलतं. काही दिवशी येत नाही आणि अंधार पडला की तो हात आखडून आत येतो. मी ताट वाढते. त्यानं सांगितलं नाही तर मीही आज आलं होतं का म्हणून विचारत नाही.